करमणुकीतले सोवळे-ओवळे

महाराष्ट्रात संस्कृतिरक्षणाची हाळी ठरावीक अंतराने उठत असते. कधी तिचे निमित्त एखादा चित्रपट असतो, कधी एखादे नाटक, कधी बारमधील नाच, तर अलीकडे मोबाईलवर दिसणाऱ्या मालिका. हाळी देणारे बदलतात, हाळीचा मजकूर बदलत नाही. स्त्रीची अब्रू धोक्यात आहे, तरुण पिढी बिघडत आहे, सबब सरकारने बंदी घालावी! या कोलाहलात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. जी कृती अश्लील म्हणून वर्ज्य ठरवावयाची, तीच कृती एका जागी अश्लील आणि दुसऱ्या जागी सुसंस्कृत कशी ठरते? हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहोत आणि त्याचे उत्तरही देणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या देशात करमणुकीच्या सभ्यतेची जी मोजपट्टी चालते, तिने कृती मोजली जात नाही. करणारीची जात आणि पाहणाऱ्याची ऐपत मोजली जाते. जुने सोवळे-ओवळेच ते! त्याला आता कायद्याच्या कलमाचा आधार मिळाला आहे इतकेच.

दोन कलमांची साक्ष

हे आमचे अनुमान आहे असे कोणी समजू नये. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ते स्वहस्ते लिहून ठेवले आहे. २००५ साली मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून ३३ अ आणि ३३ ब अशी दोन कलमे घालण्यात आली. ३३ अ या कलमाने खाद्यगृहे, परमिट रूम आणि बिअर बार यांतील सर्व प्रकारच्या नृत्यास बंदी केली. अश्लील नृत्यास नव्हे, सर्व प्रकारच्या नृत्यास! आणि लगेच पुढच्या ३३ ब या कलमाने तीन तारांकित व त्यावरील हॉटेले, फक्त सभासदांना प्रवेश देणारे क्रीडा क्लब आणि जिमखाने, तसेच नाट्यगृहे, चित्रपटगृहे व सभागृहे यांना त्या बंदीतून सूट दिली.

वाचकांनी ही दोन कलमे शेजारीशेजारी ठेवून पाहावीत. भिवंडी-पनवेलच्या बारमध्ये एखादी मुलगी अंगभर साडी नेसून चित्रपटातील गाण्यावर नाचली तर तो गुन्हा. तेच गाणे, तेच हावभाव, त्याहून तोकडे कपडे तारांकित हॉटेलात दिसले तर तो पर्यटनाचा विकास! बारमध्ये दीडदोनशे रुपये खर्चून बसणारा कामगार तो नाच पाहून बिघडतो आणि जिमखान्याचा सभासद तोच नाच पाहून ताजातवाना होऊन घरी जातो, असे कोणते मानसशास्त्र विधिमंडळाच्या हाती लागले होते? मनुस्मृतीत एकाच अपराधाला वर्णपरत्वे वेगवेगळी शिक्षा सांगितली आहे म्हणून आपण तिची होळी केली. येथे तर एकाच कृतीला ठिकाणपरत्वे गुन्हा आणि करमणूक अशी दोन नावे देण्यात आली आणि सर्वपक्षीय सभासदांनी त्यास एकमुखाने मान्यता दिली!

न्यायालयाने ही विसंगती ओळखली, हे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरविला आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. समतेचा अनुच्छेद १४ आणि व्यवसायस्वातंत्र्याचा अनुच्छेद १९ (१) (छ) या दोहोंचा भंग झाला, असा तो निवाडा आहे. उच्चभ्रूंसाठी जी निव्वळ करमणूक, तीच गरिबांसाठी अधःपात, असे वर्गवार नीतीचे कप्पे पाडता येणार नाहीत, हे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सुनावले. सुमारे ७५ हजार स्त्रियांचा रोजगार या बंदीने गेला, असा आकडा न्यायालयापुढे आला होता. यांतील कित्येक स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या जातींतल्या होत्या. बंदीनंतर त्यांतील काहींना देहविक्रयाकडे वळावे लागले. रोगापेक्षा उपायच वाईट ठरला, असा शेरा सर्वोच्च न्यायालयाने मारला तो याच कारणाने.

तरीही सरकारचे समाधान झाले नाही. जून २०१४ मध्ये सूट काढून टाकून बंदी पुन्हा आणली गेली. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिला स्थगिती मिळाली. मग २०१६ साली नवा कायदा झाला आणि त्याच्या नावातच स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण हे शब्द घालण्यात आले. प्रत्यक्षात अटी अशा की परवाना कोणाला मिळूच नये. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील अनेक अटी रद्द केल्या. देवस्थाने व शाळा यांपासून एक किलोमीटर अंतराची अट गेली, कॅमेऱ्यांची सक्ती गेली, मालकाच्या 'चांगल्या चारित्र्या'ची मोघम अटही गेली. २००५ पासून एकालाही परवाना मिळालेला नाही, ही वस्तुस्थिती न्यायालयाने निकालपत्रात नोंदविली. चौदा वर्षे एका राज्याची सारी शक्ती गरीब स्त्रीचा नाच थांबविण्यात खर्च होते, यास संस्कृतिरक्षण म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. आम्ही त्यास भेदभाव म्हणतो.

मोजपट्टी आली कोठून?

कायद्यातील अश्लीलतेची कसोटी आपल्याकडे इंग्रजांच्या हिक्लिन खटल्यातून आली. १८६८ सालचा तो खटला. ज्यांची मने अशा दुष्परिणामांस बळी पडण्याजोगी आहेत, त्यांना हे लिखाण बिघडवील काय, असा त्या कसोटीचा मथितार्थ होता. वरवर पाहता ही कसोटी निरुपद्रवी वाटते. पण दुबळ्या मनाचा माणूस कोण, हे ठरविणार कोण? अर्थात ज्याला स्वतःचे मन बळकट वाटते तो! साहेबाला नेटिवाचे मन दुबळे वाटले, वरिष्ठ वर्गाला कामगाराचे वाटले आणि पुरुषाला स्त्रीचे वाटले. मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात, रणजित उदेशी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली हीच कसोटी थोड्या फेरफाराने स्वीकारली. ती टाकून देऊन समकालीन समाजमानाची कसोटी लावण्यास अवीक सरकार प्रकरणातील २०१४ च्या निकालापर्यंत वाट पाहावी लागली. आणि समाजमान म्हणजे तरी कोणत्या समाजाचे मान? ज्या देशात समाज हा शब्द उच्चारताच कोणाचा समाज असा प्रतिप्रश्न येतो, त्या देशात ही कसोटीही डोळे उघडे ठेवूनच वापरली पाहिजे.

चित्रपटांच्या बाबतीत याचे उत्तम उदाहरण ख्वाजा अहमद अब्बास यांचे आहे. चार शहरांतील श्रीमंती आणि दारिद्र्य यांचा विरोध दाखविणारा एक लघुपट त्यांनी १९६८ साली काढला. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही क्षणचित्रे होती. सेन्सॉरने ती कापण्यास सांगितले. वस्ती शहरात खुशाल असावी, पडद्यावर तेवढी दिसू नये! अब्बास न्यायालयात गेले. १९७० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरिनिरीक्षण वैध ठरविले, परंतु कामजीवनाचे चित्रण आणि अश्लीलता या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात, हेही सांगून ठेवले. हा भेद अद्याप कित्येक संस्कृतिरक्षकांच्या गळी उतरलेला नाही.

आणि जेथे अश्लीलतेचा लवलेशही नव्हता तेथे काय घडले? सुमारे शंभर वर्षांपूर्वी तिरुवनंतपुरमला 'विगतकुमारन' हा मल्याळी भाषेतील पहिला चित्रपट दाखविला गेला. पी. के. रोझी या दलित मुलीने त्यात नायर स्त्रीची भूमिका केली होती. प्रेक्षागृहात दंगा झाला, पडद्यावर दगड आले आणि त्या मुलीला गाव सोडून परागंदा व्हावे लागले. तिने कोणता असभ्य हावभाव केला होता? तिचा अपराध एकच. जिने शेतात राबावयाचे, ती पडद्यावर वरिष्ठ जातीची कुलीन स्त्री होऊन उभी राहिली! मोजपट्टी नेमके काय मोजते, हे या एका घटनेवरून कोणाही निःपक्षपाती माणसाच्या ध्यानात येईल.

फडातली लावणी आणि पडद्यावरची लावणी

आपल्या घरचे उदाहरण तमाशाचे. उत्तर पेशवाईत लावणीला राजाश्रय होता आणि ती रचणाऱ्यांत ब्राह्मण शाहीरही होते. नाचणारी मात्र खालच्या मानलेल्या जातींचीच असावयाची. महार, मांग, कोल्हाटी यांच्या लेकी नाचल्या. पाहणारा रसिक ठरला आणि नाचणारी बदफैली ठरली. स्वातंत्र्य मिळाल्यावर लवकरच मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले. कलावंतांच्या रदबदलीने ते पुढे सैल झाले, तरी वगाची संहिता आधी तपासून घेण्याचा दंडक मागे राहिला.

त्याच सुमारास मराठी चित्रपटाने काय केले ते पाहा. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'ने तमाशाप्रधान चित्रपटांची लाट आणली आणि पुण्यात तो चित्रपट शंभराहून अधिक आठवडे चालला. १९७२ चा 'पिंजरा' घरोघरी पोचला. फडावरची लावणी पाहावयास जाणे ज्या घरांत लाजिरवाणे, त्याच घरांनी चित्रपटातील लावणी सहकुटुंब पाहिली. लावणी पडद्यावर येताच सोवळी झाली, फडातली बाई ओवळीच राहिली. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन ही बाई पुन्हा फडावर उभी राहिली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. २००२ साली त्यांचा अंत झाला तो विपन्नावस्थेत. आणि पुढे त्यांच्याच नावाने सरकारने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला! जिवंतपणी भाकरी नाही आणि मेल्यावर पुरस्काराला नाव, ही कसली कदर? डॉ. शैलजा पाईक यांनी तमाशातील दलित स्त्रियांच्या जीवनावर २०२२ साली ग्रंथ लिहिला व अश्लील हा शिक्का जातीशी कसा जोडला गेला आहे ते दाखविले. हे काम आपल्यापैकी प्रत्येक सुशिक्षिताने मुळातून वाचावे.

बाबासाहेबांच्या दोन कृती

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच माणसांकडून येईल. बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी आणि देवदासी यांना ते जिणे सोडून द्या असे सांगितले नव्हते काय? सांगितले होते. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमधील सभेत त्यांनी ते निक्षून सांगितले. मग बारबंदीच्या बाजूने तुम्ही का उभे राहत नाही?

उत्तर असे. त्याच बाबासाहेबांनी त्यापूर्वी दोन वर्षे, १९३४ साली, रघुनाथ धोंडो कर्वे यांचे वकीलपत्र घेतले होते. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे दिली जात आणि त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता. सनातनी मंडळी कर्वे यांच्या नावाने बोटे मोडीत असताना बाबासाहेब त्यांच्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला. पण कोणाच्या बाजूने उभे राहावयाचे याबद्दल त्या वकिलाच्या मनात संदेह नव्हता.

या दोन कृतींत विसंगती पाहणाऱ्याला बाबासाहेब समजलेच नाहीत. १९३६ मध्ये ते आपल्या भगिनींशी बोलत होते. धर्माच्या नावाने, जन्माच्या जोरावर ज्यांचे शरीर गावाच्या मालकीचे केले गेले, त्यांना ते जोखड फेकून द्या म्हणत होते. त्यांनी पोलिसांना बोलावले नाही आणि त्या स्त्रियांना गुन्हेगार ठरविणारा कायदा मागितला नाही. १९३४ मध्ये ते अशा कायद्याशी लढत होते, जो ज्ञानालाच घाण म्हणत होता. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे, आणि ते म्हणजे माणसाची प्रतिष्ठा. 'जातिभेदनिर्मूलन' या भाषणात त्यांनी तत्त्व आणि नियम यांतील भेद सांगितला आहे. नियम आंधळेपणाने पाळावयाचा असतो, तत्त्व विचारपूर्वक लावावयाचे असते. चोळी किती इंच, चुंबन किती सेकंद, बार देवळापासून किती दूर, हे सारे नियम. या बाईची माणुसकी येथे जपली जाते की विकली जाते, हे तत्त्व. आमच्या संस्कृतिरक्षकांना नियम पाठ आहेत. तत्त्वाची त्यांना ओळखही नाही.

विकणाऱ्यांनाही दोन शब्द

यावरून चित्रपटधंद्याच्या मालकांनी आम्ही त्यांचे वकीलपत्र घेतले आहे असे समजू नये. कथेशी संबंध नसलेले एक गाणे घुसडायचे, त्यात एका स्त्रीभोवती पन्नास पुरुष नाचवायचे, कॅमेरा तिच्या चेहऱ्याऐवजी अवयवांवर फिरवायचा आणि कोणी बोलले की कलास्वातंत्र्याचा जप करावयाचा, हा धंदा आम्ही ओळखून आहोत. १९९३ साली 'खलनायक' चित्रपटातील चोळीवरच्या गाण्यावरून देशभर वाद झाला. गाणे राहिले, गाजले आणि लग्नाच्या वरातींत वाजले. तशीच गाणी मुंबईच्या बारमध्येही वाजत होती. गाण्याचे निर्माते प्रतिष्ठित राहिले आणि त्यावर नाचणारी मुलगी पोलिसांच्या गाडीत बसली!

याहून गंभीर गोष्ट पडद्यामागची आहे. केरळ सरकारने २०१७ साली न्यायमूर्ती हेमा यांच्या अध्यक्षतेखाली मल्याळी चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करविली. अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सादर झाला आणि जनतेपुढे येण्यास १९ ऑगस्ट २०२४ उजाडला, तोही काही भाग गाळून. कामाच्या मोबदल्यात शरीराची मागणी होते, चित्रीकरणाच्या जागी स्त्रियांना स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोलीही मिळत नाही, असे त्यात नमूद आहे. ज्या चित्रपटांचा एक एक प्रसंग सेन्सॉर मंडळाने सभ्यतेसाठी तपासला, ते चित्रपट तयार करणाऱ्या स्त्रियांना लघवीला जाण्याची सोय नव्हती! मंडळाच्या दृष्टीने ते चित्रपट सभ्यच होते.

फूलनदेवीचे प्रकरणही याच जातीचे. 'बँडिट क्वीन' या चित्रपटाने मल्लाह जातीच्या या स्त्रीवरील अत्याचार पडद्यावर आणले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निर्णय दिला की त्यातील नग्नतेने वासना चाळवत नाही, किळस आणि संताप येतो. सबब ती अश्लील नव्हे. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्य आहे असेच आम्ही म्हणू. परंतु ती स्त्री तेव्हा जिवंत होती. माझी विटंबना माझ्या संमतीवाचून दाखवू नका, असे सांगत ती स्वतः १९९४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. तो वाद पुढे तडजोडीने मिटला. मात्र सर्वोच्च न्यायालयापुढील प्रकरण आले ते आपल्या समाजाची बदनामी झाली म्हणणाऱ्या एका पुरुषाच्या अर्जावरून! अश्लीलतेच्या कायद्यात प्रेक्षकाच्या मनाला जागा आहे, जमातीच्या अब्रूला जागा आहे; जिच्या देहाची गोष्ट चालली आहे तिच्या होकाराला जागा नाही. या कायद्याचे खरे वैगुण्य येथे आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने पंचवीस ॲप अश्लीलतेच्या कारणावरून बंद करण्यास सांगितले, तेव्हाही प्रेक्षकांचे काय होईल याचीच चिंता वाहिली गेली. त्यांत काम केलेल्या मुलींचे करार काय होते आणि त्यांच्यावर बळजोरी झाली काय, हे प्रश्न कोणाच्या जिभेवर आले?

शील आणि शिक्षा

आम्ही बौद्ध आहोत. शीलाचे महत्त्व आम्हांस कोणी शिकवावयास नको. कामवासनेतील दुराचारापासून दूर राहण्याचे शील आपण दर सभेत घेतो. उपोसथाचे अष्टशील घेणारा उपासक त्या दिवशी नाच-गाणे-तमाशेही वर्ज्य करतो. पण शील हे ज्याचे त्याने स्वतःच्या मुखाने घ्यावयाचे असते. दुसऱ्यावर दंडुक्याने लादलेले शील हे शील राहत नाही, ती केवळ शिक्षा होते. वैशालीच्या आम्रपालीचे भोजनाचे आमंत्रण भगवंतांनी स्वीकारले आणि नंतर आलेल्या लिच्छवी सरदारांना आधीच शब्द दिल्याचे सांगून परत पाठविले. नगरीची गणिका म्हणून जिला लोक ओळखत, तिला त्यांनी प्रथम माणूस म्हणून पाहिले. तिच्या जीवनातील परिवर्तन त्या आदरातून आले. त्यासाठी वैशालीच्या कोतवालाला बोलवावे लागले नाही.

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ (२) मध्ये सभ्यता आणि नीतिमत्ता यांसाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभा आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. लहान मुलांचे संरक्षण, बळजोरीस प्रतिबंध, एखाद्या स्त्रीची अथवा जमातीची विटंबना करून पैसा मिळविण्यास अटकाव, या गोष्टी कायद्याने केल्याच पाहिजेत. परंतु ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सांविधानिक नीतीचा उल्लेख केला आणि ती आपल्या लोकांत उपजत नाही, ती जोपासावी लागेल, असा इशारा दिला. सभ्यता या शब्दाचा अर्थ त्या नीतीच्या प्रकाशात लावावयाचा की पेठेतल्या ओट्यावरच्या गप्पांत, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक नाटक कंपनी, तमाशाफड, चित्रीकरणस्थळ आणि बार येथे २०१३ च्या लैंगिक छळप्रतिबंधक कायद्याची अंमलबजावणी झाली पाहिजे. केरळात झाली तशी मराठी-हिंदी चित्रपटसृष्टीची आणि तमाशाफडांची जाहीर चौकशी महाराष्ट्र सरकारने करावी आणि तिचा अहवाल कपाटात कोंडू नये. नाचणाऱ्या स्त्रीला लेखी करार, ठरलेली मजुरी आणि म्हातारपणाचे निवृत्तिवेतन मिळावे. तिच्या मुलांना वसतिगृहात प्रवेश मिळावा; म्हणजे हा धंदा सोडावयाचा की नाही, हे तिचे तिला ठरविता येईल. पोट बांधून ठेवलेल्या माणसाला नीतीचा उपदेश करणे यासारखे अश्लील कृत्य दुसरे नाही.

आणि वाचकहो, आपल्यापुरतेही एक काम आहे. आपल्या वस्तीतल्या, आपल्या नात्यातल्या ज्या स्त्रिया फडात किंवा बारमध्ये नाचल्या, त्यांची नावे आपण जयंतीच्या मंडपात घेत नाही. वरिष्ठांनी मारलेला शिक्का आपणच जपून ठेवतो. हे ओवळे प्रथम आपल्या घरातून हद्दपार झाले पाहिजे. येत्या जयंतीला त्या आयाबहिणींना मागच्या रांगेत न बसविता व्यासपीठावर बोलवा आणि त्यांच्या तोंडून त्यांची हकीगत ऐका. सभ्यता म्हणजे काय, याचा निवाडा करावयाचा अधिकार त्यांना आहे. तो आजवर त्यांना वगळूनच केला गेला.